वडील होते तसे: आठवणी जमवायच्या कशा, लिहायच्या कशा

माणूस गेला की दहा दिवसांत तो देवमाणूस होतो. नाशिकच्या रामकुंडावर दशक्रियेला माइक हातात घेणारा प्रत्येक जण ‘शांत, संयमी, मनमिळाऊ’ एवढं बोलून खाली बसतो, आणि ज्यांच्या घरात ते वडील आयुष्यभर वावरले त्यांना कळेनासं होतं, की हे नक्की कुणाबद्दल चाललंय. वडील प्रेमळ होते हे खरं असतं. मित्राच्या हाकेला रात्री दोन वाजता उठून जायचे आणि घरच्या कार्याला हमखास उशिरा यायचे, हेही खरं असतं. यातलं एक गाळलं, की दुसऱ्यावरचाही विश्वास उडतो.

अशा वडिलांच्या आठवणी वेळेत कशा गोळा करायच्या, उणिवांसकट कशा लिहायच्या आणि वर्षश्राद्धापर्यंत त्याची एक छोटी पुस्तिका कशी उभी करायची, ते इथे सांगितलं आहे. रीतीभाती नाशिककडच्या आहेत. दुसरीकडे विधी वेगळे असतील. कामाची पद्धत तीच राहील.

पहिले तेरा दिवस

सगळ्यात आधी फोन सांभाळा. वडिलांचा मोबाइल फॉरमॅट करून भाच्याला देणं, एक्स्चेंजमध्ये घालणं, सिम बंद करणं, यातलं काहीही वर्षभर करू नका. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसलं तर साधारणपणे काढून टाकलं जातं. रिचार्ज न केलेलं प्रीपेड सिम काही महिन्यांनी बंद होतं आणि तो नंबर दुसऱ्या ग्राहकाला मिळतो. मग ‘बाबा’ नावाने सेव्ह केलेल्या नंबरवर अनोळखी माणसाचा फोटो दिसतो, आणि ते फार लागतं. गूगलचं खातं दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर त्यातले फोटो आणि मेल पुसले जाऊ शकतात. म्हणून किमान रिचार्ज चालू ठेवा, फोन महिन्यातून एकदा चार्ज करून इंटरनेटला जोडा.

फोनचं कुलूप माहीत नसेल तर अंदाजाने पिन मारत बसू नका. चुकीचे प्रयत्न वाढले की काही फोन सगळी माहिती पुसून टाकतात. त्यापेक्षा नातेवाइकांच्या फोनकडे वळा. वडिलांनी पाठवलेले आवाजी निरोप त्यांच्या चॅटमध्ये असतातच. प्रत्येकाने आपापल्या चॅटमधून ‘एक्सपोर्ट चॅट’ करून मीडियासह फाइल काढावी. चॅट खूप लांबलचक असेल तर एक्सपोर्टमध्ये सगळं मीडिया येत नाही, म्हणून अँड्रॉइड फोनमधलं व्हॉइस नोट्सचं फोल्डर वेगळं कॉपी करून घ्यावं. त्या फाइलींच्या नावाशेवटी ‘ओपस’ असतं; संगणकावर त्या व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजतात. ‘येताना कोथिंबीर आण’ असले दहा सेकंदांचे निरोप बिनकामाचे समजून पुसू नका. भाषणाच्या रेकॉर्डिंगमध्ये माणूस भाषणाचा आवाज लावतो. घरातला आवाज कोथिंबिरीच्या निरोपातच सापडतो.

दुसरी गोष्ट वहीची. दोनशे पानी साधी वही आणि तिला दोऱ्याने बांधलेलं पेन दिवाणखान्यात ठेवा. या तेरा दिवसांत भेटायला येणारी माणसं जे बोलून जातात ते पुन्हा तसं बोलत नाहीत. लिहायचं फक्त उजव्या पानावर; डावं पान कोरं सोडा, कारण महिन्याभराने कुणीतरी सांगतं की ते सिन्नरला नव्हे, निफाडला घडलं होतं. प्रत्येक नोंदीखाली सांगणाऱ्याचं नाव आणि त्या दिवसाची तारीख घाला. वाक्य जसं बोललं गेलं तसं उतरवा. ‘तुझा बाप लई हट्टी होता’ याचं ‘ते निश्चयी होते’ करू नका.

दशक्रियेला बोलायचं असेल तर आधी ठरवा. प्रवचनानंतर श्रद्धांजलीला माइक मोकळा सोडला, की ज्यांची ओळख सर्वांत कमी ते सर्वांत जास्त बोलतात. खेड्यांकडे तर पुढाऱ्यांची रांगच लागते. सूत्रसंचालन करणाऱ्याकडे आदल्या दिवशी तीन नावं द्या: एक घरचं, एक कामावरचं, एक मित्र. प्रत्येकी चार मिनिटं. सावकाश बोललं तर चार मिनिटांत चारशे-साडेचारशे शब्द होतात, म्हणजे हाताने लिहिलेली साधारण दोन पानं. कागदावर मोठ्या अक्षरात, ओळींमध्ये जागा सोडून लिहा. आवाज दाटला तर पुढे वाचायला एक माणूस शेजारी उभा असू द्या आणि त्याला तो कागद एकदा वाचायला दिलेला असू द्या. घाटावर कावळ्याची वाट पाहताना लोकांचं लक्ष इकडे-तिकडे असतं. जन्मगाव, शिक्षण, नोकरी हा क्रम सोडून थेट एका प्रसंगाने सुरुवात केली तरच ऐकलं जातं.

रामकुंडावर गेलात तर आणखी एक काम करून घ्या. नाशिकचे आणि त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये यजमानांच्या कुळांच्या नामावळ्या ठेवतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितलं की कुळाचे उपाध्ये कोण ते कळतं. आजोबांच्या अस्थी वडिलांनी इथे आणल्या असतील तर त्या वहीत त्यांची नोंद, कधी त्यांच्या हातची सही सापडते. जाताना आजोबा-पणजोबांची नावं, मूळ गाव आणि अंदाजे वर्ष लिहून न्या. पान सापडलं तर परवानगी घेऊन फोटो काढा आणि वडिलांचं नाव लिहून घेताना स्पेलिंग, जन्मगाव नीट सांगा. पुढच्या पिढीला हीच नोंद सापडणार आहे. श्रावणी सोमवारी किंवा सिंहस्थाच्या पर्वकाळात या कामासाठी जाऊ नका, कुणालाच वही चाळायला सवड नसते.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. दाखल्यावरचं नाव आधार आणि बँकेतल्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेवढं तिथल्या तिथे पाहा.

मित्रांकडे जाणं

वडील घरात एक आणि मित्रांत दुसरेच असतात. मुलांना माहीत असलेला माणूस अर्धाच, आणि उरलेला अर्धा ज्यांच्याकडे आहे ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. हे काम पहिल्या सहा महिन्यांत उरका.

यादी अशी करा: शाळेतले, गल्लीतले, कामावरचे, फिरायला जाणारे, आणि ज्यांच्याशी बोलणं बंद झालं होतं ते. शेवटचे विसरू नका. सातपूर-अंबडच्या कंपनीतला सहकारी, नाशिकरोडच्या प्रेसमधला, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातला किंवा एकलहऱ्याच्या वीज केंद्रातला, यांनी वडिलांना एका शिफ्टमध्ये जेवढं पाहिलं तेवढं घरच्यांनी आठवड्यात पाहिलेलं नसतं. गोल्फ क्लबच्या मैदानावर किंवा कृषीनगरच्या ट्रॅकवर सकाळी बरोबर चालणाऱ्या मंडळींना निवृत्तीनंतरचा माणूस माहीत असतो: कशाची भीती वाटायची, मुलांविषयी काय बोलायचे, कोणत्या गोळ्या घ्यायच्या टाळायचे.

भेट टपरीवर नको. गाड्यांच्या आवाजात रेकॉर्डिंग वाया जातं. मित्राच्या घरी, पंखा मंद करून, फोन एअरप्लेन मोडवर टाकून त्यांच्यापासून दीड-दोन फुटांवर, टेबलावर रुमाल घालून त्यावर ठेवा. रुमाल नसेल तर कप ठेवल्याचा आवाज बोलण्याच्या वर जातो. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ऐकून पाहा. रेकॉर्ड करतोय हे सांगा आणि त्यांची संमतीही रेकॉर्डमध्येच येऊ द्या. एका बैठकीला तास पुरे. वयस्कर माणूस त्यापुढे थकतो आणि तेच-तेच सांगायला लागतो.

‘बाबा कसे होते?’ हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे. एखादा जुना फोटो हातात द्या आणि यात कोण-कोण आहे ते विचारा. मग खाली दिलेल्या धाटणीचे प्रश्न:

- तुमचं दोघांचं शेवटचं मोठं भांडण कशावरून झालं? आधी कोण बोललं?
- पैसे लागले तर ते मागायचे कसे? तोंडावर, की कुणाकरवी?
- कामावर साहेबांशी कधी वाजलं का?
- रंगपंचमीला रहाडीत (रंगीत पाण्याच्या हौदात) उडी मारायचे, की काठावर उभे राहायचे?
- त्यांना कुणी फसवलं होतं का? त्यानंतर ते बदलले का?
- तुम्हाला त्यांची कोणती गोष्ट अजिबात पटायची नाही?

शेवटच्या प्रश्नानंतर गप्प बसा. समोरचा आधी ‘तसं काही नाही’ म्हणेल. पाच-सात सेकंद तुम्ही काहीच बोलला नाहीत, तर खरं उत्तर येतं. इथे मुलं-मुली घाईने ‘हो, बाबा थोडे तापट होते’ म्हणून मित्राची सुटका करून टाकतात, आणि नेमकं तिथेच काम फसतं.

दोन मित्रांना एकत्र बसवलं तर एकमेकांच्या आठवणी दुरुस्त होतात, पण मोठ्या आवाजाचा दुसऱ्याला दाबून टाकतो. आधी वेगवेगळे भेटा, मग एकत्र. एकाच प्रसंगाच्या दोन हकिगती निघाल्या तर निवाडा करू नका; दोन्ही नावांनिशी ठेवा.

वर्षं आठवत नाहीत, ही नेहमीची अडचण. ‘कधी?’ विचारलं की ‘लई जुनी गोष्ट’ एवढंच मिळतं. नाशिकमध्ये त्याला चांगला उपाय आहे. १९६९ चा महापूर, १९७२ चा दुष्काळ, १९८० चा कुंभमेळा, १९८२ ला झालेली महापालिका, १९९१ आणि २००३ चे कुंभ, २००८ चा पूर, २०१५ चा कुंभ, या खुणा पाठ करून जा आणि विचारा: ‘पुराच्या आधी की नंतर?’ ‘दुतोंड्या मारुती बुडाला होता त्या वर्षी?’ (गोदेच्या पात्रातली ही मूर्ती म्हणजे नाशिककरांची पुराची खूण.) त्यात ‘तुमची धाकटी तेव्हा केवढी होती?’ ही घरगुती खूण मिळवली की बहुतेक प्रसंग दोन-तीन वर्षांच्या फरकाने जागेवर बसतात. नक्की वर्ष नसेल तर ‘१९८० च्या कुंभानंतर लगेच’ असंच छापा, खोटी अचूकता नको.

एका तासाचं बोलणं हाताने उतरवून काढायला पाच-सहा तास लागतात. बोलून टाइप करण्याची सोय वापरली तर वेळ वाचतो, पण गावांची आणि माणसांची नावं हमखास चुकतात. ती ऐकून दुरुस्त करा. सगळं उतरवायची गरजही नसते. कोणत्या मिनिटाला काय आहे याची यादी करा आणि कामाचे भागच उतरवा.

आईला मात्र घाई करू नका. तिचा नवरा आणि तुमचे वडील ही दोन माणसं आहेत. चार-सहा महिन्यांनी, ती स्वतःहून बोलायला लागली की ऐका. रेकॉर्डिंग नको म्हणाली तर नको. तिने सांगितलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय पुस्तिकेत घालायचं नाही, हा नियम कुणासाठीही मोडू नका.

उणिवा लिहायच्या कशा

सगळ्यात अवघड भाग हाच, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. एक चूक पुसून टाकण्याची. दुसरी, रागाच्या भरात हिशेब चुकता करण्याची. तिसरी सर्वांत जास्त दिसते: आधी दोन पानं कौतुक आणि शेवटी ‘अर्थात, माणूस म्हटलं की दोष आलेच’ हे एक वाक्य. त्या वाक्याने वाचणाऱ्याच्या मनात नको ते कुतूहल जागं होतं आणि हाती काहीच लागत नाही.

आधी जमलेल्या आठवणी समोर ठेवा आणि उणिवांच्या नोंदींना तीन प्रश्न लावा. ही गोष्ट कुणाची आहे? वडिलांची असेल तर लिहिता येते. आत्याच्या मोडलेल्या लग्नाची असेल तर ती आत्याची आहे. ज्याला त्रास झाला तो हयात आहे का, आणि त्याची हरकत आहे का? आणि हे एकदा घडलं की नेहमीचं होतं? एकदाच कधी हात उचलला गेला असेल आणि रोज माया केली असेल, तर तो एक दिवस पानभर पसरवणं अन्याय आहे. रोज भीती असेल आणि सणासुदीला माया, तर त्याला ‘शिस्तप्रिय’ म्हणणं हाही अन्यायच. प्रमाण सांभाळणं म्हणजे खरं बोलणं.

मग विशेषणं काढून टाका. तापट, हट्टी, दानशूर, भोळे, सगळी. त्यांच्या जागी ते काय करायचे ते लिहा. तापट माणूस ताट सरकवून उठतो, की दोन दिवस बोलत नाही, की रस्त्यात मोठ्याने ओरडतो? तिन्ही वेगळी माणसं आहेत.

सर्वांत महत्त्वाचं काम यानंतरचं. चांगुलपणाची यादी एका बाजूला आणि उणिवांची दुसऱ्या बाजूला लिहा, आणि कोणत्या दोन गोष्टी एकाच मुळातून आल्यात ते शोधा. बहुतेक प्रेमळ माणसांच्या उणिवा त्यांच्या प्रेमळपणाच्याच पोटातून निघालेल्या असतात. कुणाला नाही म्हणता यायचं नाही, म्हणून मित्राच्या मुलाची फी भरली. आणि नाही म्हणता यायचं नाही, म्हणूनच स्वतःच्या मुलीची फी दोन महिने उशिरा गेली. कुणाचं मन दुखवायचं नाही, म्हणून सगळ्यांना हवेहवेसे. आणि त्यामुळेच भावकीच्या वाटणीत घरच्यांची बाजू घेऊन कधी बोलले नाहीत. असं मूळ सापडलं की दोन्ही बाजू एकाच प्रसंगात, एकाच परिच्छेदात मांडता येतात. चांगलं वाईटाला झाकत नाही, वाईट चांगल्याला खोडत नाही.

एक नमुना. कच्चा मजकूर बहुतेक असा येतो: ‘बाबा अत्यंत दानशूर होते. त्यांनी कधीही कुणाला नाही म्हटलं नाही. फक्त स्वभावाने थोडे तापट होते.’ कामाचा मजकूर असा:

‘सात तारखेला पगार व्हायचा आणि दहा तारखेपर्यंत त्यातले तीन-चारशे कंपनीतल्या कुणाच्या तरी घरी गेलेले असायचे. आईला ते किराण्याची यादी करताना कळायचं. तिने विचारलं की बाबा चप्पल घालून बाहेर पडायचे आणि तासाभराने भज्यांचा पुडा घेऊन यायचे. पुड्याचे पैसेही उधारच असायचे. चुकलं, असं ते तोंडाने कधी म्हणाले नाहीत. आई भजी आम्हा मुलांना वाटायची. स्वतः प्रत्येक वेळी खायची असं नाही.’

यात दानशूर नाही, तापट नाही, माफीही नाही, तरी तिन्ही कळतात. शेवटचं वाक्य नीट पाहा: आईचा राग गेला असं लिहिलेलं नाही. जो मिटला नाही तो राग कागदावर मिटवू नये.

दारू, मारहाण, दुसरं घर, कर्जबाजारीपणा असं काही असेल तर दोन मजकूर करा. एक पुस्तिकेचा, त्यात एवढंच स्पष्ट वाक्य पुरेल: ‘मधली आठ-दहा वर्षं दारूमुळे घराला फार जड गेली.’ दुसरा घरातल्यांपुरता, सविस्तर, पाकिटात बंद, वर कुणी आणि कधी उघडायचं ते लिहिलेलं. सार्वजनिक मजकुरात ते वाक्य घालायला घरातल्या सर्वांत जास्त सोसलेल्या माणसाची संमती हवी; ती नसेल तर गाळा, पण मग त्या वर्षांबद्दल गोडवेही लिहू नका. ती वर्षं मोकळी सोडली तर चालतं. व्यसन सुटलं असेल तर कसं सुटलं, कुणी बरोबर नेलं, किती वेळा पुन्हा लागलं, हे जरूर लिहा. वाचणाऱ्यांत कुणाच्या तरी घरी तेच चालू असतं.

स्वतःचं भांडण मिटायच्या आत वडील गेले असतील तर तो मजकूर पुस्तिकेत आणू नका. त्याचं वेगळं पत्र लिहा, वडिलांना उद्देशून, आणि ते कुणाला दाखवायचं की नाही हे वर्षाने ठरवा. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात मन ठरत नसेल, तर लिखाण बाजूला ठेवून १४४१६ या टेली-मानस हेल्पलाइनवर बोला. ती सरकारी आणि मोफत आहे.

देणी-घेणी

ही आठवणीचीच बाजू आहे, आणि उदार वडिलांच्या घरात टाळता येत नाही. तेराव्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक जवळच्या मित्राला थेट विचारा: ‘बाबांचं काही द्यायचं राहिलंय का?’ टपरी, इस्त्रीवाला, शिंपी, मेडिकल इथे स्वतः जाऊन विचारा. ही माणसं दारी येऊन मागत नाहीत. वाचनालयाचं पुस्तक घरात पडलंय का पाहा. वहीत दोन रकाने करा, द्यायचं आणि यायचं, आणि प्रत्येक रकमेपुढे पुरावा काय ते लिहा: चिठ्ठी, बँकेची नोंद, नुसता शब्द. मोठ्या रकमेचा दावा कुणी केला तर लगेच हो म्हणू नका. वारसांची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते, पदरच्या पैशातून फेडायचं बंधन कायद्याने नाही. छोटी देणी मात्र विनापुरावा फेडून टाका. येणं असलेल्या रकमांपैकी कोणत्या सोडायच्या ते सगळ्या भावंडांनी मिळून ठरवा आणि ज्याला सोडली त्याला तसं सांगा. सांगितलं नाही तर तो माणूस लाजेने तुमच्या दारी येणंच बंद करतो आणि एक आठवण सांगणारा कमी होतो.

फोटो आणि कागद

जुन्या चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका, मागचा थर फाटतो. फोटो आणि पानामध्ये दातांचा साधा दोरा सरकवत न्या. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करा. काचेला चिकटलेला फोटो काचेवरूनच स्कॅन करायचा. स्कॅनरवर पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय (इंचामागे ठिपके), पासपोर्ट किंवा ओळखपत्रावरच्या फोटोला १२००. मूळ फोटोला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने आणि गोंदाने तो कायमचा बिघडतो. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. पावसाळ्यात हवेत ओल असते, म्हणून हे काम दिवाळीनंतर काढा. फोटो स्टीलच्या कपाटात, कागदी पाकिटात, सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. कसर लागलेली वही त्याच कपाटात नको.

कॅसेटवर पांढरी बुरशी दिसली तर ती टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका, फीत आणि यंत्र दोन्ही जातात. ती डिजिटल करून देणाऱ्याकडे द्यायची.

फाइलींना नाव देताना वर्ष आधी: ‘१९८४_त्र्यंबक_बाबा_मामा’. सगळ्याच्या तीन प्रती हव्यात: एक घरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावच्या भावंडाकडे. पेनड्राइव्हवर एकट्यावर विसंबू नका.

पुस्तिका

तारीख आधी ठरवा. वर्षश्राद्ध तिथीने येतं आणि तिथी इंग्रजी तारखेच्या साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. मध्ये अधिक महिना आला तर १८-१९ दिवस पुढे जाते. गुरुजींकडून दिवस पक्का करून घ्या, तिथून मागे सहा आठवडे मोजा आणि त्या दिवशी मजकूर बंद करा.

डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ३२ पानं. मधोमध पिना मारून शिवायची पुस्तिका चारच्या पटीत लागते. ३० पानं दिलीत तर दोन कोरी राहतात. वाचणारे बहुतेक साठीच्या पुढचे, म्हणून अक्षर १३ किंवा १४ पॉइंट. अशा पानावर सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे सात-आठ पानं फोटोंना ठेवली तर पाच-साडेपाच हजार शब्द पुरतात. आत ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचं वजन) साधा मॅपलिथो कागद, वर मुखपृष्ठाला २५० जीएसएमचं जाड आर्ट कार्ड. शंभराच्या आसपास प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते.

इथे दोन गोष्टी नेमाने बिघडतात. तुम्ही युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये बदलतो, तेव्हा रफार आणि जोडाक्षरं सुटतात. छापायच्या आधी पीडीएफ मागा, कागदावर प्रिंट काढा आणि एकाने मोठ्याने वाचत, दुसऱ्याने मूळ मजकूर धरून तपासा. दुसरं, नातेवाइकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो दाबले गेलेले असतात आणि छापल्यावर फुटतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

वर्तमानपत्रात ‘प्रथम पुण्यस्मरण’ द्यायचं असेल तर तयार चारोळीऐवजी पुस्तिकेतलंच एखादं खरं वाक्य द्या. शोकाकुलांच्या नावांत लेकी, जावई, सुना राहून जातात आणि त्यावरून वर्षानुवर्षं अबोला धरला जातो. वयाच्या क्रमाने सगळ्यांची नावं घाला आणि मजकूर जाण्याआधी सर्वांना दाखवा.

आठवण म्हणून झाड लावायचं आणि त्यात रक्षा घालायची अशी इच्छा असेल तर थोडं जपून. रक्षेत क्षार जास्त असतो. सगळी एकाच खड्ड्यात ओतली तर रोप जळतं. दोन फूट लांब, रुंद, खोल खड्ड्यात दोन मुठी रक्षा माती आणि शेणखतात नीट मिसळा, बाकीची शेतात पातळ पसरा. लावणी पहिला पाऊस मुरल्यावर, आणि त्यानंतर किमान तीन उन्हाळे पाणी कोण घालणार त्याचं नाव आधी ठरवा.

पुस्तिकेचं शेवटचं पान कोरं ठेवा, वर फक्त ‘दुरुस्त्या आणि राहिलेल्या आठवणी’ एवढं छापा आणि एक फोन नंबर द्या. प्रती हातात पडल्यावर महिनाभर फोन येत राहतात: फोटोतलं तिसरं नाव चुकलं, ती सायकल अमक्याची होती, त्या भांडणात चूक खरं तर माझी होती. हे सगळं तारखेनिशी फाइलमध्ये चढवा. डिजिटल छपाईत दहा-वीस प्रतींची दुसरी आवृत्तीही काढता येते. पहिल्या आवृत्तीच्या दोन प्रती कपाटात आणि एक आईकडे ठेवून उरलेल्या पोस्टाने न पाठवता, शक्य तिथे मित्रांच्या घरी हातोहात द्यायला जा. जाताना फोनमधलं रेकॉर्डिंग तयार ठेवा.